सही अडते ती नेमकी शेवटी
डेबियन या लिनक्स प्रणालीवर तासभर सोर्समधून (मूळ कोडमधून) पॅकेज बांधायचं, सगळ्या चाचण्या पार, आणि अगदी शेवटी पॅकेजवर डिजिटल सही करणारं जीपीजी म्हणतं, 'नो सीक्रेट की' (खासगी किल्लीच नाही)! अहो, किल्ली असते. पण शोधली जाते चेंजलॉगच्या (पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदवहीच्या) सर्वांत वरच्या नोंदीतल्या नाव-ईमेलवरून. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संपलं. हे सुरुवातीलाच तपासायला काय हरकत आहे? एसएसएचवर, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करताना, तर छळच: कोणतं टर्मिनल वापरायचं ते जीपीजीला सांगणारं जीपीजी_टीटीवाय हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं नसेल तर किल्लीचा पासफ्रेज (पासवर्ड) विचारलाच जात नाही, आणि दिसतं काय, 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल'. यातून कुणाला काय कळणार?

मग लोक बिचारे सगळं पुन्हा बांधत बसतात. नका बांधू! आधी -यूएस -यूसी देऊन, म्हणजे सहीविना, बांधा, नंतर चेंजेस फाइलवर (तयार झालेल्या फाइलींच्या यादीवर) डेबसाइन ही सही करणारी आज्ञा चालवा, -के ला चिकटून किल्लीचा पूर्ण फिंगरप्रिंट (ओळखक्रमांक). डीएससीवर (सोर्स पॅकेजच्या वर्णन-फाइलवर) हाताने सही करू नका. सहीने ती फाइल बदलते, मग चेंजेसमधले तिचे चेकसम (पडताळणीचे आकडे) जुळत नाहीत.