किल्ली आत, आपण बाहेर

डेबियन किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सच) सुरू होताना काळ्या पडद्यावर नुसतं 'इनिट्रॅमएफएस' लिहून कर्सर लुकलुकू लागला, की मला लॅच लागलेलं दार दिसतं. किल्ली आत, आपण बाहेर, हातात कचऱ्याचा डबा.

प्रकार खरोखर तोच. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हवी असते डिस्क आणि डिस्क वाचायचे ड्रायव्हर असतात डिस्कवरच. म्हणून ग्रब (मशीन चालू होताच लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम) कर्नलबरोबर एक बोचकं मेमरीत ठेवतो: लागतील तेवढे ड्रायव्हर आणि बिझीबॉक्स, म्हणजे छोट्या कमांडांची पेटी. हेच इनिट्रॅमएफएस. रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) मिळालं की ते गुमान बाजूला होतं. नाही मिळालं, तर आपल्यासमोर ठाण मांडतं.

बरं, बिनसलं कुठे ते दिसत नाही, कारण आपणच त्याच्या तोंडाला 'क्वाएट स्प्लॅश' या संदेश लपवणाऱ्या शब्दांचा बोळा कोंबलेला. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतून ते दोन शब्द उडवा, कंट्रोल-एक्स. बदल तेवढ्या वेळेपुरताच राहतो. (मेनू दडलेला असेल तर यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या, मशीनवर एस्केप एकदाच. आरतीतल्या टाळ्यांसारखा दाबलात तर ग्रबच्या प्रॉम्प्टवर आपटाल.)

आता पुन्हा 'इनिट्रॅमएफएस'च्या प्रॉम्प्टवर आलात की 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन'मध्ये दिसेल तो कोणता यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) शोधतोय आणि 'बीएलकेआयडी'त दिसेल हाताशी काय आहे. 36 अक्षरं, पत्रिका जुळवावी तशी ताडून पाहा. जुळत असतील तर बहुधा फाइलसिस्टिम दुखावलीय: 'एफएससीके -वाय', पुढे पार्टिशनचं नाव, मग 'एक्झिट'. यूएसबीवरची डिस्क नुसती उशिरा जागी झाली असेल, तर कधीकधी 'एक्झिट'वरच भागतं; कायम तसंच होत असेल तर 'रूटडिले=10' जोडा.

डिस्कच गायब असेल, तर मात्र मी आधी मदरबोर्डवरच्या सीआर2032 सेलवर संशय घेतो. तो संपला की बायोस मूळ सेटिंगवर येतो, काही मशीनवर डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयची रेड होते आणि एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) लिनक्सला दिसेनाशी होते. तो सेल बदलून सेटिंग परत एएचसीआयवर आणलं की झालं. लोक मात्र आख्खी सिस्टिम पुन्हा टाकत बसतात!

बोचकंच अर्धवट असेल तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स), म्हणजे शेजाऱ्यांच्या गॅलरीतून प्रवेश. रूट '/एमएनटी'वर माउंट करा, '/बूट' वेगळं असेल तर तेही. 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' तिथे बाइंड करून (जोडून) 'सीएचरूट', म्हणजे आपल्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरा. आधी 'डीएफ -एच /बूट' बघा. जुन्या कर्नलांनी माळा भरलेला असला, तर नवं बोचकं पुरतं लिहिलंच जात नाही. 'एपीटी ऑटोरिमूव्ह', मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल', शेवटी 'अपडेट-ग्रब'.

रीबूट करताना यूएसबी काढा, नाहीतर मशीन पुन्हा शेजाऱ्यांकडेच उठेल.