आजीला वेळच नव्हता म्हणे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. माहेरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्या. थोडक्यात असा: आमच्या आजीने पहाटे जात्यावर दळलं, विहिरीवरून पाणी ओढलं, पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापल्या, तिला कधी डिप्रेशन आलं नाही, कारण तिला वेळच नव्हता. हे रिकाम्या डोक्याचे शहरी चोचले. एकत्र कुटुंबात राहा, कामात राहा, गोळ्यांच्या नादी लागू नका. खाली हात जोडलेले दोन इमोजी. सासरच्या ग्रुपवर तो चुलत दिरांनी टाकला. भाऊजी मनाने वाईट नाहीत. मी चार वर्षं गोळ्या घेते हे त्यांना ठाऊक नाही, एवढंच. आता कळेल.

सुरुवात आजीपासूनच करू. भाऊजींची आजी मी पाहिली नाही, माझी पाहिलीय. नऊ बाळंतपणं, जगली पाच. शेवटच्या खेपेनंतर ती मागच्या दाराशी बसून राहायची. केस विंचरायची नाही, बाळाला जवळ घ्यायची नाही. त्या बाळाला, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीला, थोरल्या जावेने अंगावर पाजलं. घरात म्हणायचे, 'बाळंतवाताने धरलं.' देवऋषी झाला, अंगारा झाला. आठ-नऊ महिन्यांनी ती हळूहळू उठली आणि चुलीपुढे बसली. हे सगळं आईने मला सांगितलं ते माझं निदान झाल्यावर, तेही मेथी निवडता निवडता, मान वर न करता. मी डॉक्टर नाही, गेलेल्या माणसाचं निदान करणार नाही. पण 'आजीला कधी काही झालं नाही' हे निदान आमच्या घरापुरतं तरी खोटं आहे.

आणि शब्द नव्हते असंही नाही. मन लागत नाही, अन्न गोड लागत नाही, वारं लागलं, अंगात येतं, डोक्यावर परिणाम झाला. आमच्या गावात एक विहीर होती, तिच्याबद्दल पोरींना कुजबुजत सांगायचे की अमक्यांची सून तिथे 'पाय घसरून' गेली. जात्याचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा करवल्या. त्यांत विठोबा आहे, भाऊराया आहे, तसा सासुरवासही आहे. पहाटे चार वाजता बाईचं ऐकायला जात्याशिवाय होतं कोण?

आता 'वेळच नव्हता'. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात २६. हा आजार रिकामपणाने होत असता तर आधी कोणाला झाला असता, ते मी लिहायला नको. प्रत्यक्षात तो जगभर बायकांमध्येच जास्त आढळतो.

मीही रिकामी नव्हते. साडेपाचला उठून दोन डबे, मग ऑफिस, येताना भाजी, रात्री मुलाचा अभ्यास. त्या वर्षी एका रविवारी मी मटकी भिजत घातली, सोमवारी फडक्यात बांधली. ओट्यावरची ती पुरचुंडी मला येता-जाता दिसत होती. सोडायची, निवडायची, फोडणीला टाकायची. एवढी तीन कामं, पण ती डोक्यात एकामागे एक लागेचनात. गुरुवारी सासूबाईंनी फडकं सोडलं तर मोड बोटभर, खाली सगळं बुळबुळीत, वास सुटलेला. त्या काही बोलल्या नाहीत. फडकं साबणाने धुऊन दोरीवर टाकलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मटकीसाठी!

कामाने आलेला थकवा झोपल्यावर उतरतो. हा थकवा आपल्याआधी उठून बसलेला असतो. नैराश्याच्या निदानात उदासी आणि कशातच रस न वाटणं जसं बघतात, तसंच अंगात त्राण नसणंही बघतात, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त टिकलं तर डॉक्टर गांभीर्याने घेतात. अर्थात आधी रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दुखणं तिथेही असू शकतं. माझं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं ठीक आलं. रिपोर्ट चांगले आल्याचं वाईट वाटलेली मी पहिलीच नसेन.

'एकत्र कुटुंबात राहा' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण मी राहतेच. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की घर भरलेलं असलं की मनही भरतं. अहो, माणूस वाढलं की त्याच्यासमोर धरायचा चेहराही वाढतो. गौरींना आमच्याकडे सत्तावीस पानं होती. मी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, ओट्या भरल्या, फोटोत हसले. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून पाय खाली टाकता येईना. 'काल तर चांगली होतीस की!' हे वाक्य भरल्या घरातच ऐकू येतं. एकट्या राहणाऱ्याला निदान हिशेब मागायला कोणी नसतं.

घरच्यांचीही बाजू आहे. नवरा पहिले काही महिने घरात चवड्यांवर चालल्यासारखा वावरत होता, मग एकदा ताट आपटून म्हणाला, 'मला पण दमायला होतं.' त्याचं खरं होतं. मुलगा तेव्हा नववीत. मी त्याच्याशी बोलत नव्हते, कारण बोलायलाही जीव लागतो. एका रात्री तो दारात उभा राहून म्हणाला, 'आई, मी काय केलंय?' दोन महिने तो आपला गुन्हा शोधत होता. त्या रात्री त्याला पहिल्यांदा सांगितलं की हा आजार आहे, तू काही केलेलं नाहीस. आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

त्यातून एक सोय निघाली. वाईट दिवस असला की मी ग्रुपवर दोन शब्द टाकते: आज खिचडी. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी 'काय झालं' विचारायचं नाही, मुलगा कुकर लावतो, नवरा पापड भाजतो, पाहुणे असतील तर तो परस्पर सांभाळतो. सासूबाईंनी कधी डिप्रेशन हा शब्द उच्चारलेला नाही. त्या फक्त म्हणतात, 'बस इथे, तेल लावते.' त्यांचं वय बहात्तर. माझ्या वाट्याचं काम त्यांच्या गुडघ्यांवर पडतं हे मला दिसतं. थँक्यू वगैरे आम्ही बोलत नाही. त्यांच्या गुडघ्याचं मलम मात्र मी खिचडीच्या दिवशीही विसरत नाही.

'शहरी चोचले' लवकर संपवते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. सुरुवातीच्या पाहणीत शंभरातल्या १४-१५ जणांत नैराश्य आढळलं आणि त्यांतल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी कोणाची मदत घेतली होती. दीड वर्षाने मदत घेणारे २७ झाले. ही गावं, ही शेतं. चोचले कुठले?

राहिलं 'कामात राहा' आणि गोळ्या. पहिल्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने साध्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सहा-आठ बैठकांत रुग्णाला झेपतील अशा छोट्या गोष्टी ठरवून हळूहळू करायला लावायच्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, एरवीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. म्हणजे हालचाल औषध आहे, पण कोणीतरी शेजारी बसून मात्रा ठरवावी लागते. आधीच वाकलेल्या बाईला 'अजून उचल' म्हणणं म्हणजे ती मात्रा नव्हे.

गोळ्यांच्या नादी लागू नका म्हणे! निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केलं (त्यात महाराष्ट्र नव्हता). नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. लोक नादी लागलेत कुठे? या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिले काही दिवस मळमळतं, तिथेच निम्मे लोक कंटाळत असतील. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही. पण एकदम सोडायच्याही नाहीत. गेल्या वर्षी बरं वाटतंय म्हणून मी स्वतःच्या मनाने बंद केल्या. आठवडाभर चक्कर आणि डोक्यात झिणझिण्या, वर डॉक्टरांची बोलणी.

भाऊजी, पुढे पाठवायचंच असेल तर १४४१६ हा नंबर पाठवा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या ग्रुपवर बेचाळीस जण आहेत. त्यात मी एकटीच असेन असं मला वाटत नाही.

बरंच लिहिलं. आज खिचडी.