फिश टँकचा कंटाळा आलाय? थेट तळं गाठा!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीमागच्या तळ्यावर एक गृहस्थ सहकुटुंब आले. बायकोच्या हातात मोबाइल, मुलाच्या हातात रंगाची रिकामी बादली. बादलीत फूटभर लांबीचा सकर मासा, काळपट, अंगावर हाडाच्या पाट्या, तोंड पोटाकडे. "बाय बाय कर त्याला," म्हणत त्यांनी बादली पाण्यात उलटी केली. मी हटकलं तर, "काका, मुका जीव आहे, राहू दे ना मोकळा!" रात्री व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर. खाली बदाम, जोडलेले हात आणि कुणाचं तरी, "पुण्याचं काम केलंत दादा."

पुण्य इतकं स्वस्त झालंय म्हटल्यावर बाकीच्यांनी तरी मागे का राहावं? ज्यांच्या घरी टँक आहे आणि पाणी बदलायचा आळस आहे, अशा सर्व पुण्यवंतांसाठी हे चार शब्द.

मासा घेताना तो केवढा होतो हे चुकूनही विचारू नका. दुकानदार आपण होऊन सांगत नाही, मग आपण कशाला विषय काढा? बोटाएवढा असताना 'काच साफ ठेवतो' म्हणून घ्यायचा. टँकमध्ये त्याला वळता येईना की त्याच्याविषयी एकदम कणव दाटून येते. तोच मुहूर्त.

जागा मात्र नीट निवडा. नाल्यावर वास येतो, व्हिडिओ चांगला निघत नाही. पक्षी अभयारण्य, पाणथळ, रामसर यादीतला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतला तलाव असं काही मिळालं तर सोन्याहून पिवळं. भोपाळचा मोठा तलाव त्या यादीत आहे; तिथे 2023 साली मगरीसारख्या जबड्याचा ॲलिगेटर गार सापडला. त्याच वर्षी श्रीनगरच्या दल सरोवरातही. हा मासा उत्तर अमेरिकेतला. तिथून पोहत आलेला नाही, एवढं आपल्याला कळतं.

जायचा कंटाळा असेल तर पुराची वाट बघा, पाणीच मासा घेऊन जाईल. 2018 च्या पुरानंतर केरळात चालकुडी नदीत थेट ॲमेझॉनचा अरापैमा मासा मिळाला होता.

गप्पी आणि गंबुसिया हे परदेशी चिमुकले मासे सोडताना तर संकोचच नको, डास मारण्याच्या नावाखाली ते महापालिकाही करते.

कासवांसाठी वेगळा लेख लिहीन.

बंदीबिंदीचं मनावर घेऊ नका. आफ्रिकन मांगूर हा मासा पाळायला 2000 सालापासून बंदी आहे. 2019 मध्ये हरित लवादाने पुन्हा दटावलं, मग इंदापूरकडे पथकं जाऊन शेततळी उकरून आली. तरी पाळणारे पाळतात, खाणारे खातात. तिलापिया 1952 साली भारतात आणला. आज उजनीच्या पाण्यात त्याचं एवढं बस्तान आहे की भिगवणला 'चिलापी' म्हणून तो जणू घरचाच झालाय. मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते, संसार बुडायचं नावच नाही. आता त्याच उजनीत सकर. काठाला बिळं पाडून त्यात अंडी घालतो, काठ ढासळतात. जाळ्यात शिरला की काटे असे अडकतात की जाळं कापल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटला तरी बाजारात त्याला दमडी मिळत नाही. कापलेलं जाळं नवं आणायचं ते भोई समाजातल्या माणसाने, स्वतःच्या खिशातून. पुण्य तुमचं, जाळं त्याचं.

खरे महत्त्वाकांक्षी असाल तर तळ्यावर थांबूच नका, समुद्र गाठा. फ्लोरिडाचा आदर्श समोर आहे. लायनफिश आपल्या हिंदी महासागरात आणि पलीकडे प्रशांत महासागरात पूर्वापार आहे. तांबडे-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पंख, दिसायला देखणा. इकडे त्याची कुणाला तक्रार नाही. 1985 साली तो फ्लोरिडात डॅनिया बीचजवळ दिसला. टँकमधूनच सुटलेला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. जनुकं तपासली तर मूळचे मासे थोडेच निघतात. आणि एक मादी वर्षाला 20 लाखांपर्यंत अंडी घालते. अंगावर 18 विषारी काटे, म्हणून मोठे मासे सहसा वाटेला जात नाहीत. तिथल्या लहान माशांनी असलं ध्यान कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे पळायचं असतं हेच त्यांना कळत नाही. बहामात प्रयोग केला: पाण्याखालच्या प्रवाळाच्या छोट्या पुंजक्यावर एक लायनफिश सोडला की तिथे येणारी नवी पिल्लं 5 आठवड्यांत 79 टक्क्यांनी घटली. एका माशाने!

आणि अभयारण्याची गंमत बघा. फ्लोरिडा कीजचं सागरी अभयारण्य 1990 सालचं. त्यातल्या काही पट्ट्यांत मासेमारीच बंद, आणि ती बंद असायलाच हवी. पण त्यामुळे झालं काय, भाला घेतलेल्या माणसाला मज्जाव आणि लायनफिशला मोकळं रान. शेवटी फक्त तो मारण्यासाठी वेगळे परवाने द्यावे लागले. पाणबुडे एकेक मासा हेरून भाल्याने टिपतात. शर्यती भरवतात, बक्षिसं लावतात, हॉटेलांत तळून वाढतात. चवीला बरा असतो म्हणे. एवढं करून वरचा भाग साफ होतो. हा मासा 300 मीटर खोलीवरही राहतो, तिथे कुठला पाणबुड्या जाणार? खालून पुन्हा नवे येतात. म्हणजे एका वर्षी मारून भागत नाही. दर वर्षी मारत राहायचं, माणसं लावायची, पैसा ओतायचा, आणि थांबलात की होतं ते पुन्हा तसंच. कशापायी? तर कुणाच्या तरी दिवाणखान्यातला मासा नकोसा झाला म्हणून!

आपल्याकडे मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातही परक्या प्रजातींना आळा घालायची तरतूद आली. कागद तयार आहे. बादली घेऊन येणाऱ्याला अडवायला तळ्यावर कोण आहे? मी. आणि मला काय ऐकायला मिळालं ते वर लिहिलंच आहे.

मुका जीव म्हणे! तळ्यात जे आधीपासून राहतात ते बोलके आहेत का? मरळ, खवली, त्यांची पिल्लं, त्यांच्यावर जगणारे बगळे, यांचा कधी व्हिडिओ काढलात? दया वगैरे काही नव्हती, अडचण होती, ती तुम्ही सगळ्यांच्या पाण्यात फेकून दिलीत. दुकानात परत द्यायचा. दुकानदार घेत नसेल तर त्याच्याशी भांडायचं, पाळणारा दुसरा कुणी शोधायचा, मोठा टँक घ्यायचा. काहीच जमत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन त्याला वेदना न होता मारायचं. हो, मारायचं. ते पाप निदान तुमच्या एकट्याच्या नावावर राहील. जबाबदारी झेपणार नव्हती तर पाहुण्यांसमोर मिरवायला टँक आणायला सांगितलं होतं कुणी?