बांगड्यात मीटर खुपसून शिसं सापडत नाही

फॅमिली ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. बांगड्यात पाण्याचा टीडीएस मीटर खुपसायचा, आकडा ५०० च्या वर गेला की ‘जड धातू’. चांदीची अंगठी घासून काळी पडली की पारा. तरी खायचाच असेल तर मीठ-कोकम लावून तासभर ठेवायचा, धातू ‘ओढले जातात’.

मीटर. तो कुठलाच धातू ओळखत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजून क्षारांचा अंदाज सांगतो. फिल्टरच्या ग्लासभर पाण्यात मी चिमूटभर मीठ टाकलं, आकडा शेकड्यांनी चढला. मासळीतल्या शिशाची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३ भाग). घरगुती मीटर १ पीपीएमच्या खाली जातच नाही.

अंगठी. चांदी काळी पडते गंधकाने, आणि शिळ्या मासळीतून गंधकाची संयुगं सुटतात. मासा शिळा आहे हे कळायला कल्ला उचलून बघितला तरी पुरतं, अंगठी कशाला?

‘प्रयोगशाळेतही विजेनेच तपासतात,’ असं कुणी म्हणेल. तशीही एक पद्धत आहे खरी, पण ती कशी ते बघा. आधी मासळीचा तुकडा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये तापवून पार विरघळवतात. धातू प्रथिनांना चिकटलेले असतात. ते सुटे झाल्याशिवाय इलेक्ट्रोडला, म्हणजे यंत्राच्या वीज नेणाऱ्या टोकाला, दिसत नाहीत, शिवाय प्रथिनं इलेक्ट्रोडवरच थर धरतात. मग इलेक्ट्रोडला काही मिनिटं ऋण विद्युतदाब (व्होल्टेज) देऊन धातू त्यावर साठवतात आणि दाब हळूहळू वाढवतात. लोकलमधून जो तो आपल्या स्टेशनावर उतरतो तसं कॅडमियम साधारण उणे ०.६ व्होल्टला उतरतं, शिसं उणे ०.४ च्या आसपास. दर वेळी आलेखावर सुळका उठतो आणि त्याच्या उंचीवरून प्रमाण निघतं. गंमत म्हणजे हा इलेक्ट्रोड कित्येक दशकं पाऱ्याचा थेंबच असायचा. आता त्याजागी बिस्मथचा थरही वापरतात. पारा शोधायचा तर बहुधा सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. तळहातावर मावणारी यंत्रंही निघाली आहेत, पण अख्ख्या माशात खुपसून त्यांचंही भागत नाही.

मीठ-कोकम. वास जातो, पारा नाही. मासळीतला पारा बहुतेक ‘मिथाइल पारा’ या रूपात मांसाच्या प्रथिनांतच अडकलेला असतो. जपानच्या मिनामाता खाडीकाठची माणसं मासळीतून आलेल्या याच विषाने आजारी पडली. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तळल्याने पाणी उडतं, म्हणून ग्रॅममागे पारा उलट थोडा वाढलेलाच दिसतो.

पारा खरंच टाळायचा असेल तर मोरीसारखी (शार्क) मोठी, शिकारी मासळी कमी खा. व्हिडिओवाल्याने नेमका छोटा बांगडा धरला!