घरचं वांगं

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या वांग्याची चव इथल्या मातीची, यावर सरकारी शिक्का. ती माती माझ्याही अंगणात होती. तेवढ्या भांडवलावर मी जुलैत बारा रोपं लावली आणि कचेरीत जाहीर केलं, यंदा चंपाषष्ठीचं भरीत माझ्याकडे, वांगी घरची.

माय म्हणाली, "आधी लागू तर दे रे बापा."

महिनाभर झाडांनी माझी इज्जत ठेवली. मग एका सकाळी चार शेंड्यांनी माना टाकलेल्या. मी पाणी वाढवलं. शेजारच्या अप्पांनी (त्यांची यावलला केळी आहे, त्यामुळे वांग्यावरही अधिकार) भिंतीवरून पाहिलं. "पाणी काय पाजतो भो? आत पाहुणा बसला आहे."

शेंडा चिरला. गुलाबीसर, गुटगुटीत अळी. चातुर्मासात आमच्या घरी वांगं वर्ज्य. हिला तो लागू नव्हता. शेंडे खुडून जाळले. निंबोळी अर्क फवारला, तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा दम जातो. अळीचं ठाऊक नाही, घरची माणसं मात्र आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होती.

फुलं आली, गळाली. मधली दांडी आखूड असलेलं फूल धरत नाही, हे अप्पांचं ज्ञान. तेव्हापासून मी रोज सकाळी चष्मा लावून फुलांत डोकावू लागलो. दूधवाला अंतर ठेवून उभा राहू लागला.

याच काळात मोरीच्या पाण्यावर गिलक्याचा एक वेल आपोआप उगवला. त्याला मी ना खत दिलं, ना साधी ओळख दाखवली. तो भिंत चढून अप्पांच्या पेरूवर गेला आणि झाडून सगळी गिलकी तिकडे धरली. भजी त्यांच्याकडे, वास आमच्याकडे.

चंपाषष्ठीला बारा झाडांवर बिनभोकाचं वांगं निघालं एक. बाजारातून गुपचूप पाच किलो आणली. आपलं ओळखू यावं म्हणून त्याच्या देठाला दोरा बांधला आणि सगळी कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकली. दोरा पहिल्याच जाळात गेला.

पुढे सगळं एकत्र ठेचलं गेलं. पंगतीत मी छातीठोक सांगितलं, "प्रत्येकाच्या पानात घरचं वांगं आहे." ते खोटंही नव्हतं.

कळण्याची भाकरी मोडता मोडता अप्पांनी हळूच विचारलं, "आणि पाहुणा?"