432 हर्ट्झ, सूर्याचा ओम आणि आत्याचा बंद पडलेला ओंकार

एक मेसेज सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: विश्वाची फ्रिक्वेन्सी 432 हर्ट्झ आहे, नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला तर तो ओम निघाला, चुकीच्या सुरात ओंकार म्हटला तर उलटा परिणाम होतो, म्हणून स्वतः म्हणूच नका, हेडफोनवर 432 चा ओम ऐका, ऐकलं तरी तेवढाच फायदा होतो, ध्यान आपोआप लागतं. मी सोडून दिलं असतं, पण हे वाचून माझ्या आत्याने कित्येक वर्षांचा सकाळचा ओंकार बंद केला आणि आता ती कानात इअरफोन घालून पडून राहते, म्हणून लिहितेय.

आधी सूर्य. सूर्य आणि आपण यांच्यामधे पोकळी आहे, तिथून आवाज येऊच शकत नाही. खरी गोष्ट अशी की सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होत असतो. सूर्याचा अभ्यास करायला 1995 साली सोडलेल्या सोहो यानाने ते हेलकावे मोजले, मग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी 40 दिवसांचा डेटा 42,000 पट वेगाने पळवला तेव्हा कुठे तो आपल्या कानाला ऐकू येईल असा झाला. मूळ ऑडिओ ऐका, सलग घूंsss आहे, अ नाही, उ नाही, म नाही. ती घूं ऐकून मला तरी काटा आला अंगावर, तिला ओम म्हणायची काहीच गरज नाहीये.

"432 ही विश्वाची फ्रिक्वेन्सी." हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलाय, दिवसाचे 86,400 भाग करून. सेकंद थोडा लहानमोठा ठरला असता तर त्याच सुराला आपण वेगळाच आकडा दिला असता! काहीजण पुढे सांगतात की पृथ्वीचे ठोके 8 हर्ट्झ, गुणिले 54 केलं की 432. ते ठोके म्हणजे विजांमुळे उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी, आवाज नव्हेच, आणि आकडाही 8 नाही, 7.83 आहे. करा गुणाकार, 422.82 येतं.

आता "चुकीचा सूर". याचा मला खरंच राग येतो, कारण आपल्या संगीताचा पायाच हा आहे की सा ज्याचा त्याने आपल्या गळ्याप्रमाणे घ्यायचा. पुरुष बहुतेक पेटीवरच्या काळी एकच्या (पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास सा धरून गातात, बायका काळी चार नाहीतर काळी पाच, पट्टी बदलली म्हणून कोणाचा यमन राग बिघडत नाही. परवा मी आत्याकडे गेले आणि म्हटलं आत्या तू नेहमीसारखा एक ओम म्हण, मी फोनवर ट्यूनर लावते, म्हणजे सूर किती हर्ट्झचा ते दाखवणारं ॲप. आधी नको नको म्हणाली मग म्हणाली. सुई 196 च्या आसपास थांबली, म्हणजे पांढरी पाच, खालच्या सप्तकातली. तो तिचा सा धरला तर 432 हा जवळजवळ तार सप्तकातला रिषभ, म्हणजे वरच्या सप्तकातला रे होतो. पहाटे पाच वाजता, साठीपुढच्या बाईने तार रिषभावर ओंकार म्हणायचा? गळा ताणून कुठलं ध्यान लागणार.

आणि "ऐकलं तरी तेवढाच फायदा" हे सगळ्यात मोठं चुकतंय. ओंकाराचं निम्मं काम श्वास करतो. लांब म्हणायचं तर श्वास सावकाश सोडावाच लागतो, आत्याचा एक ओम मी मोजला तर 9 सेकंद, वर श्वास घ्यायला 2, म्हणजे मिनिटाला पाच-साडेपाच श्वास. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे 23 निरोगी माणसांवरचा अभ्यास आला होता, मंत्र म्हणताना आणि ख्रिस्ती जपमाळ म्हणतानाही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. हेडफोन लावून पडलं तर तुमचा श्वास त्याच्याच चालीने चालणार ना. शिवाय मकार, म्हणजे ओमच्या शेवटचा म. ओठ मिटा, तळहात छातीवर ठेवा आणि म्मम्म करा, मग दोन बोटं नाकाच्या हाडावर ठेवा, कंप कुठून कुठे चढतो ते कळेल. मन भरकटलं की ते परत आणायला हा कंप फार कामाला येतो. गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू शांत श्वास सोडतानाच्या तुलनेत सुमारे 15 पट वाढतो असं 2002 मधे स्वीडनमधे मोजलंय, त्यानेच ध्यान लागतं असा माझा दावा नाही, पण शरीरात काहीतरी घडतं ते म्हणण्याने घडतं.

जपाचा क्रमही आपल्याकडे तसाच आहे, आधी मोठ्याने म्हणायचा वाचिक, मग ओठातल्या ओठात उपांशु, मग मनातल्या मनात मानस. पहिली पायरी मोबाईलने चढायची आणि तिसरीवर आपण पोचायचं असं कसं होईल.

रेकॉर्डिंग ऐकूच नका असं मी म्हणत नाहीये. सर्दी असेल, घशाचं ऑपरेशन झालं असेल तर जरूर ऐका. तानपुरा तर लावाच, पण आपल्या पट्टीचा. आत्याच्या फोनवर पांढरी पाचचा लावून दिलाय, स्पीकरवर, अगदी हळू, तिचा आवाज तिला ऐकू येईल इतपतच.