बाल्डर्स गेट ३: नियम मोडले ते बरंच केलं, पण इनिशिएटिव्हचा फासा?

'बाल्डर्स गेट ३ म्हणजे डी अँड डीची पाचवी आवृत्ती जशीच्या तशी' असं म्हणणाऱ्यांनी डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा खेळ) २०१४चं नियमपुस्तक उघडलेलं नसतं. लॅरियन स्टुडिओने २०२३ मध्ये आणलेल्या या व्हिडिओ गेमने ते नियम बिनधास्त वाकवलेत, आणि माझ्या मते गेमची मजा बरीचशी त्यातच आहे.

धक्का घ्या. टेबलवर धक्का द्यायचा (शव्ह) तर एक हल्ला सोडावा लागतो, आणि समोरचा सरकतो जेमतेम पाच फूट. एवढ्यासाठी तलवारीचा वार कोण सोडणार? गेममध्ये तोच धक्का बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीशिवाय मिळणारी छोटी जादा कृती) आहे, आणि शत्रू किती लांब जाईल हे तुमची ताकद आणि त्याचं वजन ठरवतं. त्यामुळे प्रत्येक कडा, प्रत्येक पूल हे हत्यार होतं. (खोल दरीत ढकललेल्याच्या खिशातला माल मात्र विसरायचा.)

मंत्रांचंही तसंच. २०१४च्या नियमांत बोनस अ‍ॅक्शनने हीलिंग वर्ड (जखमा भरणारा मंत्र) टाकला की त्या टर्नमध्ये (पाळीत) अ‍ॅक्शनने फक्त कँट्रिप (साधा, कितीही वेळा टाकता येणारा मंत्र) चालते. गेमने ही अट काढून टाकली, त्यामुळे क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) मित्राला उठवून त्याच दमात गायडिंग बोल्ट (हल्ल्याचा मंत्र) मारू शकतो. क्लेरिक खेळणाऱ्यांना नुसतं नर्सिंग करत बसावं लागत नाही.

रेडी अ‍ॅक्शन (ठरावीक गोष्ट घडली की करायला राखून ठेवलेली कृती) वगळली, तेही समजण्यासारखं आहे. 'दार उघडलं की बाण सोडतो' हे वाक्य डीएमला (टेबलवर खेळ चालवणाऱ्याला) कळतं, बटणाला नाही.

आता खटकणारी गोष्ट. इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे लढाईत कोण आधी खेळणार हे ठरवायला, टेबलवर वीस बाजूंचा फासा पडतो, गेममध्ये चार बाजूंचा. बदल किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. एकाची डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, म्हणजे फाशात +३. दुसऱ्याची १०, म्हणजे +०. टेबलवर हा दुसरा ३४ टक्के वेळा आधी खेळतो. गेममध्ये त्याची बेरीज १ ते ४ आणि पहिल्याची ४ ते ७, म्हणजे तो आधी येऊच शकत नाही; सोळातून एकदा बरोबरी, बस्स. पहिल्याने अलर्ट फीटचे (जादा कौशल्याचे) +५ घेतले तर तीही नाही. म्हणून जड चिलखतातला, डेक्स्टेरिटी ८चा पॅलाडिन (धर्मयोद्धा) बहुतेक लढायांत शेवटी उठतो, आणि तोवर शत्रूने तुमच्या विझार्डला झोपवलेलं असतं. लढाईचा पहिला फासा पडायच्या आधीच निकाल लागलेला असेल, तर तो टाकायचाच कशाला?

कुलूप उघडताना फाशावर आलेल्या १चा त्रास त्यापेक्षा कमी, पण चिडचिड तीच. टेबलवर +१०वाल्या रोगला (चोरकामात तरबेज पात्राला) डीसी १०चं (उघडायला किमान १० बेरीज लागणारं) कुलूप अडवूच शकत नाही, कारण फाशावर १ आला तरी बेरीज ११. गेममध्ये १ म्हणजे सरळ नापास, वर थीव्ज टूल्सचा (कुलूप उघडायच्या हत्यारांचा) एक संच गेला. त्यामुळे वीसातून एकदा हे होणार हे धरून दोन-चार संच जास्तच ठेवा.

गेम खेळून पहिल्यांदा टेबलवर बसणाऱ्यांनी डीएमला आधी विचारून घ्यावं की २०१४चे नियम चालू आहेत की २०२४चे. पोशन (जादुई औषध) पिणं जुन्या पुस्तकात पूर्ण अ‍ॅक्शन आहे, नव्यात गेमसारखीच बोनस अ‍ॅक्शन. धक्का मात्र नव्या पुस्तकातही हल्ल्याच्या खर्चातच बसतो, तेव्हा कड्यावरचा गॉब्लिन दिसला म्हणून लगेच हात पुढे करू नका.